गुळगुळीत नळीची बंदूक

हार्लन ओपडाल आमच्या यंत्रांच्या शेडमध्ये आला, डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीकडेच बघत माझ्या सासऱ्यांना म्हणाला, “व्हर्लिन, यंदा शिकारीला पिकअप चालवायला कुणीतरी हवंय. माझे गुडघे गेलेत. तू घेशील का?”

गुडघे हार्लनचे गेले होते, तर पिकअपही हार्लननेच चालवायला हवी होती. ही गोष्ट शेडमधल्या कुणाच्याच डोक्यात आली नसेल असं नाही. पण माझा नवरा आर्डेन ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा आहे का ते अंगठ्याने दाबून बघायला लागला. सासरे म्हणाले, “बरं.”

सासऱ्यांच्या ट्वाइटेन घराण्यातला माणूस ‘बरं’ म्हणतो तेव्हा आग लागली असं समजावं. हे मला लग्नानंतर कळलं. मी नदीपलीकडच्या बोहेमियन, म्हणजे मूळच्या चेक, घरातली. आमच्याकडे सूप खारट झालं तर शेजारच्या शेतावर ऐकू जातं, आणि तासाभराने सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून बियर पीत असतात. ही मूळची नॉर्वेजियन माणसं मात्र पाय मोडला तरी ‘जरा अवघडलंय’ म्हणतात. प्रेमळ आहेत, देवमाणसं आहेत, पण त्यांच्या सभ्यपणाने माझा जीव कितीदा गुदमरला आहे ते मलाच ठाऊक.

हार्लन का आला होता ते सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी हरणांचा हंगाम सुरू व्हायचा होता. आमची टोळी हाका करून शिकार करते: निम्मी माणसं ओरडत रान तुडवत येतात आणि निम्मी रानाच्या टोकाला बंदुका घेऊन उभी राहतात. पिकअप चालवणारा फक्त माणसांची ने-आण करतो, त्याच्या हाती बंदूक नसते. ओढ्याच्या वळणावरची जागा व्हर्लिनची. आर्डेनच्या जन्माआधीपासून ते तिथेच उभे राहत आले, आणि तिथून सहसा हरीण सुटून जात नसे. गेल्या हंगामात मात्र एकही लागलं नाही.

आमच्यात ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घोळ सुरीने कापायचा आणि नाव घालून शेडच्या भिंतीला ठोकायचा, अशी रीत आहे. माझे तीन आहेत. आर्डेनचे मी मोजत नाही. गेल्या वर्षी पहिल्या हाक्याला व्हर्लिन चुकले तेव्हा त्यांचाही कापला, हसून पोट दुखायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकले, तेव्हा हसू जरा बेतानेच आलं. मग शेवटच्या हाक्याला मोठ्या शिंगांचा एक नर वळणावर आडवा येऊन उभा राहिला. अगदी जवळ, हलत नव्हता, बिचारा जणू फोटो काढून घ्यायला थांबलेला. व्हर्लिननी तीन गोळ्या झाडल्या. नराने कान हलवले आणि तो ओढा ओलांडून निघून गेला.

आम्ही सगळे जमलो. व्हर्लिननी बंदूक झाडाला टेकवली, शर्ट पॅंटमधून बाहेर ओढला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. हार्लनने सुरी उघडली होती, ती त्याने मिटून खिशात टाकली. कुणी पुढे झालं नाही. कुणीतरी हवेबद्दल काहीतरी बोललं. बराच वेळ ते तसेच उभे होते, मग त्यांनी स्वतःच शर्ट परत खोचला.

त्यांचे मोठे भाऊ सेल्मर कंपवाताने गेले. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती: आधी नेम, मग बटणं, मग चमचा. शेवटी त्यांना त्यांच्या बायकोचं नाव म्हणायलासुद्धा ओठ जुळवता येत नव्हते. त्यामुळे त्या दिवशी ओढ्याकाठी आम्हा सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं, आणि अर्थातच कुणी ते उच्चारलं नाही. त्यानंतर व्हर्लिननी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक फिरवायचं सोडलं. लाकूड कोरायचं सोडलं. विचारलं की म्हणायचे, “आता तरुणांना करू दे.”

हार्लन गेल्यावर स्वयंपाकघरात मी आर्डेनला म्हटलं, “अरे, त्यांना एकदा सरळ विचार ना.”

“काय विचारू?”

“हात थरथरतो का म्हणून!”

“रोझाली,” तो म्हणाला, “असं विचारतात का?”

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी भांडी जोरात आपटली आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

दुसऱ्या दिवशी मला खडीच्या खाणीत बंदुकीचा नेम लावून बघायला जायचं होतं. मी माझ्या बंदुकीला त्या वर्षी नवी नळी घेतली होती, आतून आटे पाडलेली. आमच्या भागात हरणावर रायफल चालवायला बंदी आहे, शॉटगनच लागते, आणि तिच्यात छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी भरायची. तिला आम्ही स्लग म्हणतो. आता कुठल्या बंदुकीला कुठला स्लग मानवेल हे दुकानदाराच्या बापालाही सांगता येत नाही. एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या बंदुका असल्या तरी एकीला एक गोळी आवडते आणि दुसरी तीच गोळी कुठेही फेकते. म्हणून दोन-चार जातींचे डबे घ्यायचे, कागदावर झाडून बघायचे, आणि ज्या गोळ्या एकमेकींना धरून पडतात त्या ठेवायच्या. जवळजवळ नवरा निवडण्यासारखंच आहे, फक्त इथे आधी तपासून बघता येतं.

मी मुद्दाम सासऱ्यांच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. “डॅड, चला. दुर्बिणीतून बघायला माणूस हवाय.”

“आर्डेनला ने.”

“आर्डेन बघतो कमी आणि शिकवतो जास्त.”

त्यावर ते जरासे हसले आणि आत जाऊन कोट घालून आले. येताना त्यांच्या हातात त्यांची जुनी बंदूक होती, खोळीत घातलेली, आणि स्लगचे दोन डबे. सगळं त्यांनी मागच्या सीटवर नीट ठेवलं. “परत जाताना हे घेऊन जा,” ते म्हणाले. “हार्लनच्या नातवाला दे, नाहीतर आणखी कुणाला. मला आता लागायचं नाही.”

मी गाडी सुरू केली. बोलले असते तर रडले असते, आणि त्यांना ते आवडलं नसतं.

खाणीत वारा नव्हता. पन्नास पावलांवर मातीच्या बांधाला कागद लावला, पिकअपच्या बॉनेटवर वाळूची पिशवी ठेवली आणि सुरू केलं. पहिला डबा वाया गेला, गोळ्या कागदभर पांगल्या. दुसराही तसाच.

“डावीकडे खाली,” व्हर्लिन दुर्बिणीतून बघत म्हणायचे. “उजवीकडे वर. ही... ही काही दिसत नाही.”

“ही गेली मिसिसिपीत,” मी म्हटलं. “डॅड, तुमच्या त्या डब्यातल्या दोन-तीन वापरू का?”

“सगळ्या घे. मला काय करायच्यात?”

त्यांचे डबे चांगले महागातले होते. शिशाची बारीक गोळी प्लॅस्टिकच्या टोपणात बसवलेली, ही जात तेव्हा नुकतीच निघालेली. नवा कागद लावून तीन झाडल्या.

“अगं!” व्हर्लिन म्हणाले. “तिन्ही मधोमध. हाताने झाकता येतील अशा.”

मी स्वतः जाऊन बघून आले. खरंच. माझ्या नळीला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी धावतच परत आले. “कुठून आणल्यात या?”

“आर्डेनने दिल्या. गेल्या वर्षी फादर्स डेला.”

“तुम्हाला? तुम्ही कशातून झाडल्यात?”

त्यांनी मागच्या सीटकडे मान हलवली.

 त्यांची बंदूक त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिची नळी आतून आरशासारखी गुळगुळीत, एक आटा नाही. आणि ही टोपणातली गोळी आट्यांसाठीच केलेली: आटे तिला फिरकी देतात, फिरकीमुळे ती सरळ जाते. फिरकी नसेल तर ती हवेत कोलांट्या खात कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

“डॅड,” मी म्हटलं, “गेल्या हंगामात तुम्ही याच वापरल्यात? सगळ्या दिवशी?”

“हो.”

“तुमच्या त्या नेहमीच्या शिशाच्या गोळ्या सोडून?”

“पोराने प्रेमाने दिलेल्या होत्या,” ते म्हणाले. “दुसऱ्या वापरल्या असत्या तर त्याला दिसलं असतं.”

“निदान आधी कागदावर झाडून तरी बघायच्या!”

“एवढ्या महागाच्या गोळ्या, त्याने दिलेल्या, त्या कागदावर उडवायच्या?” त्यांना खरोखरच धक्का बसला होता. “रोझाली, तूही काय बोलतेस.”

मी कागद बदलला, खोळ उघडली, त्यांची बंदूक काढली आणि त्याच डब्यातली गोळी भरली. माझा हात चांगला आहे, ही बढाई नाही, भिंतीवरचे माझे तीन तुकडे सोडले तर टोळीत कुणीही सांगेल. पिशवीवर टेकवून, श्वास धरून, नीट पहिली झाडली. मग दुसरी. मग तिसरी.

“कुठे लागल्या?”

व्हर्लिन बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होते. “एकच दिसते,” ते म्हणाले. “कोपऱ्यात. आणि भोक... भोक वेगळंच आहे.”

आम्ही दोघं चालत गेलो. कागदाच्या अगदी कडेला एक लांबट चीर होती. गोळी नाकावर न लागता आडवी लागली होती, कुशीवर झोपल्यासारखी. बाकी दोघींचा पत्ता नव्हता. व्हर्लिननी त्या चिरेवरून बोट फिरवलं.

“ही तुझ्या हातून गेली,” ते हळूच म्हणाले.

“हो. आणि माझा हात थरथरत नाही.”

तो शब्द तोंडातून निघून गेला. वर्षभर अख्ख्या घराने गिळून ठेवलेला शब्द, मी खाणीत बोलून बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे फार निळे आहेत आणि त्या वेळी त्यांत भीती होती. इतक्या वर्षांत ती मी कधी पाहिली नव्हती.

“सेल्मर माझ्याएवढाच होता तेव्हा,” ते म्हणाले.

“माहीत आहे, डॅड.”

“मी सकाळी उठलो की आधी हात धरून बघतो. असा, खिडकीपुढे. कधी वाटतं हलतोय. कधी वाटतं नाही. बघत राहिलं की कुठलाही हात हलतोच गं.”

माझ्या कोटाच्या खिशात जुन्या शिशाच्या गोळ्या होत्या, माझी नळी गुळगुळीत होती तेव्हाच्या. जाड, ओबडधोबड, डोक्याकडे जड आणि मागून पोकळ. गुळगुळीत नळीतून जायला त्यांना कुणाची फिरकी लागत नाही. मी तीन काढून त्यांच्यापुढे धरल्या.

“नको,” ते म्हणाले.

“का?”

“आता निदान असं म्हणता येईल की गोळीचा दोष असेल. या झाडल्या आणि याही चुकल्या, तर मग म्हणायला काही उरणार नाही.”

  एरवी माझी जीभ दहा माणसांना पुरून उरते. तेव्हा मात्र मी नुसताच हात पुढे करून उभी राहिले. गोळ्या थंड होत्या, बोटं गारठली. शेवटी त्यांनी नाक ओढलं, मोठा सुस्कारा सोडला आणि गोळ्या घेतल्या.

वाळूच्या पिशवीकडे ते गेले नाहीत. ओढ्याच्या वळणावर जसे उभे राहतात तसे उभे राहिले, मोकळ्यावर, खांदा जरा पुढे काढून. मी नवा कागद लावून आले आणि दुर्बीण धरली. त्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. कागदाकडेच बघत राहिले.

पहिली गोळी. दुसरी. मग इतका वेळ काही नाही की मला वाटलं, सोडून दिलं त्यांनी. मग तिसरी.

“रोझाली?”

 दुर्बिणीत सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं.

“अगं, सांग तरी. वाईट असलं तरी सांग.”

“एका बशीत, डॅड,” मी म्हटलं. “तिन्हीच्या तिन्ही. कॉफीच्या बशीत मावतील.”

त्यांनी बंदूक उघडून रिकामी आहे ना ते बघितलं, ती खोळीत घातली, खोळीची चेन शेवटपर्यंत ओढली, आणि मग पिकअपच्या मागच्या फळीवर बसले. चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. मी शेजारी बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. त्या दिवशी ठेवला. छातीवरून कुणी धान्याचं पोतं उचलावं तसं मला झालं होतं, तर त्यांना काय झालं असेल. जरा वेळाने त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतायत, तर ते हसत होते.

“सेल्मरच्या शेजारची जागासुद्धा मी साफ करून ठेवली होती,” ते डोळे पुसत म्हणाले. “दफनभूमीत. गवत उपटलं. दोनदा.”

“काय भयंकर माणसं आहात हो तुम्ही!”

“आर्डेनला मात्र सांगू नकोस.”

“काय?”

“गोळ्यांचं. त्याला वाईट वाटेल.”

मी फळीवरून उतरले आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. “डॅड, ऐका. वर्षभर तुम्ही मरणाची वाट बघितलीत, का, तर पोराला वाईट वाटू नये म्हणून. बस झालं. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर ते अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जाईल.”

त्यांनी विचार केला. “बरं,” म्हणाले. पण हे ‘बरं’ वेगळं होतं.

घरी आलो तेव्हा आर्डेन स्वयंपाकघरात होता. मी कोटसुद्धा काढला नाही, दोन्ही कागद टेबलावर पसरले आणि बाजूला झाले. एकावर कोपऱ्यात लांबट चीर. दुसऱ्यावर मधोमध तीन गोल भोकं.

“हा कुणाचा?” त्याने गोल भोकांवर बोट ठेवलं.

“माझा,” व्हर्लिन म्हणाले. “शिशाच्या जुन्या गोळ्या.”

“आणि हा?”

“तोही माझ्याच बंदुकीतून. रोझालीने झाडल्या. तू दिलेल्या होत्यास त्या.”

आर्डेन हळू आहे, पण मठ्ठ नाही. तो चिरेकडे बघत राहिला, त्याचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. “आटे,” तो म्हणाला. “तुमच्या नळीला आटेच नाहीत. दुकानातला म्हणाला होता, कशातूनही चालतात. आणि मी... डॅड, तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला वाटलं हात माझा.”

“मलाही तेच वाटलं,” आर्डेन म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. माझा नवरा त्याच्या आईच्या दफनाला रडला नव्हता. आता तो टेबलाची कड धरून उभा होता आणि डोळे वाहत होते. “मी रोज सकाळी घरून कॉफीचा थर्मास घेऊन येतो ना तुमच्याकडे? ते कॉफी प्यायला नाही. तुमचा कप बघायला. तुम्ही कप कधी भरून घेत नाही. अर्धाच घेता. वर्षानुवर्षं बघतोय, पण गेल्या वर्षीपासून मला वाटायला लागलं, हात हलतो, सांडेल म्हणून अर्धाच घेता. बाहेर येऊन पिकअपमध्ये बसून राहायचो मी.”

व्हर्लिननी पोराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मग शेगडीवरच्या माझ्या कॉफीच्या भांड्याकडे. घसा खाकरला. त्यांचेही कान लाल व्हायला लागले होते.

“हात नाही रे,” ते म्हणाले. “रोझालीची कॉफी फार कडू असते.”

मी वळून भांड्याकडे बघितलं.

“पहिल्या दिवसापासून?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” ते म्हणाले. “डांबर असतं गं नुसतं.”

आर्डेनच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही. तो खुर्चीत कोसळला, आणि व्हर्लिन त्याच्या पाठीवर थापा मारत “अरे, असू दे, असू दे” म्हणत राहिले. मग आर्डेनने तसंच डोळे पुसत हार्लनला फोन लावला आणि सांगितलं की पिकअपला दुसरा ड्रायव्हर बघ, तुझे गुडघे चांगले आहेत.

मी भांडं उचललं, सगळी कॉफी मोरीत ओतली आणि निम्मीच पूड घालून नवी चढवली.